सुभेदारांच्या भाषणाचं भाषांतर

सुभेदार रंगराव फडतऱ्यांनी पिशवीतून आधी चार पेरू काढून माझ्या टेबलावर ठेवले. मग धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेली एक घडी काढली आणि मला विचारलं, "हात धुतलेत न्हवं, ताई?"

मला हसू आलं. जुन्या वस्तूला हात लावण्याआधी हात धुवा, हे संग्रहालयात येणाऱ्यांना मी सांगायचे. मला ते कुणी सांगायची ही पहिलीच वेळ होती. मी उठून हात धुऊन आले. तोवर त्यांनी पंचा सोडून आतलं कापड टेबलावर पसरलं होतं.

रेशमाचं निशाण होतं ते, हातभर रुंद आणि दीड हात लांब. मूळचा पांढरा रंग आता दुधाळ चहासारखा झाला होता. मधोमध लाल गोळा आणि त्याच्याभोवती काळ्या शाईत लिहिलेली जपानी नावं, चाळीस-पन्नास तरी. खालच्या बाजूला तळहाताएवढा तपकिरी डाग होता आणि डागाच्या मध्ये बोटभर लांबीची फाट.

"काय लिवलंय त्येच्यावर?" सुभेदारांनी विचारलं.

ही १९९० सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी पंचवीस वर्षांची होते. पुण्यात एका खाजगी संग्रहालयात वस्तूंच्या नोंदी करायचे आणि संध्याकाळी जपानीच्या शिकवण्या घ्यायचे. संग्रहालय एका जुन्या संस्थानिकांच्या घराण्याचं. शेवटचे राजेसाहेब स्वातंत्र्यानंतर चार-पाच आशियाई देशांत राजदूत होते आणि त्यांना मिळालेल्या भेटवस्तू आमच्या कपाटांत वर्षानुवर्षं पडून होत्या. ब्रह्मदेशातले लाखेचे डबे, इराणचा गालिचा, जाव्याच्या कातडी बाहुल्या, चिनी फुलदाण्या. आमचे संचालक डॉ. प्रभुणे यांनी या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. उद्घाटनाला टोकियोहून एका मैत्री मंडळाचे लोक येणार होते. सामान्य माणसांच्या घरीही अशा भेटी असतील, त्या आणून दाखवाव्यात, असं आवाहन सरांनी वर्तमानपत्रात दिलं होतं. ते वाचून सुभेदार कोरेगावजवळच्या आपल्या गावाहून एसटीने आले होते. बरोबर त्यांची सून शालन होती. पदर डोक्यावर घेऊन ती दाराशीच उभी राहिली होती. मी खुर्ची दिली तरी बसली नाही.

मी निशाणावर वाकून वाचू लागले. "लढाईवर जाणाऱ्या माणसाला गावातले लोक असं निशाण द्यायचे. सगळ्यांनी सह्या केल्यात. विजयी हो, सुखरूप राहा, अशा शुभेच्छा आहेत."

"आन् त्येचं नाव?"

"आहे की. हे उजवीकडचं मोठं. त्सुनेओ हायाकावा."

"परत म्हना."

मी परत म्हटलं. त्यांनी दोन-तीनदा पुटपुटून बघितलं. "सुनेव," शेवटी ते म्हणाले. "सेहेचाळीस वर्सं झाली. नाव ठावं नव्हतं."

खालच्या कोपऱ्यात एक नाव वेगळं होतं. त्या काळी जपानी मुलं जी कोनदार अक्षरं आधी शिकायची, त्यांत लिहिलेलं. रेघा वाकड्यातिकड्या, शाई पसरलेली. मित्सु. खाली आणखी बारीक अक्षरात, धाकटी बहीण. मी ते वाचून दाखवलं.

सुभेदारांनी मागे वळून सुनेकडे बघितलं.

तेवढ्यात प्रभुणे सर आले. निशाण बघून त्यांचा चेहरा उजळला. "सुभेदारसाहेब, हे तुम्हाला कुणी दिलं?"

"मिळालं," सुभेदार म्हणाले. "इंफाळच्या म्होरं, उखरूलच्या वाटंला. चव्वेचाळीस साली. एका जपानी मानसाकडनं मिळालं."

"वा! म्हणजे शत्रूनं दिलेली भेट!" सर माझ्याकडे वळले. "सबनीस, लिहून घ्या."

"मला त्येच्या घरच्यांना द्यायचंय," सुभेदार म्हणाले. "ते लोक येनार हायेत न्हवं? त्येंच्यापाशी दिलं तर पोचंल?"

"पोचेल ना. समारंभात मंडळाच्या अध्यक्षांच्या हातात तुम्ही स्वतः द्या."

"आन् मला दोन शब्द बोलायचंत. त्येंच्या भाषेत कोन सांगंल?"

"या आहेत की," सर माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

निघताना मी शालनला सहज विचारलं, "वहिनी, यजमान काय करतात?"

"मिलिट्रीत हायती," ती म्हणाली आणि सासऱ्यांच्या हातातली पिशवी घेऊन पुढे झाली.

दुपारी मी निशाण भिंगाखाली घेतलं. डाग रक्ताचा होता. फाट एका बाजूनं सरळ होती, दुसऱ्या बाजूला उसवलेली. त्याबद्दल मी आधी वाचलं होतं. शिपाई हे निशाण अंगरख्याच्या आत पोटाशी गुंडाळायचे. जिवंतपणी ते कुणाला देत नसत.

मी सरांकडे गेले. "सर, ही भेट नाही."

सर पाट्यांचा कागद तपासत होते. "तुम्ही होतात का तिथं?"

"डाग रक्ताचा आहे. आणि सुभेदार 'दिलं' म्हणाले नाहीत. 'मिळालं' म्हणाले."

"भेट मिळतेच ना?" सरांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. अठरा वर्षं त्यांनी गळक्या छपराखाली तो संग्रह जपला होता. "सबनीस, आपण पाटी लिहितो, पंचनामा नाही. पाच माणसं टोकियोहून येतायत. त्यांच्यासमोर आपण काय ठेवायचं, त्यांच्या पोराचं रक्त? लढाईत काय झालं ते त्या दोघांना ठाऊक, आणि त्यातला एक जिवंत नाही. आणि हो, कुसाकाबेसाहेबांची सही अजून व्हायची आहे, विसरू नका."

कुसाकाबे म्हणजे मैत्री मंडळाचे अध्यक्ष. क्योटोत वर्षभर कागद आणि रेशीम दुरुस्त करायला शिकायची एक शिष्यवृत्ती त्यांचं मंडळ देणार होतं, आणि सरांनी माझं नाव सुचवलं होतं. घरी आईनं स्वेटर विणायला घेतलासुद्धा होता.

मी पाटी लिहिली. मराठी, इंग्रजी, जपानी. 'मैत्रीची भेट. एका जपानी सैनिकाकडून मराठा जवानास, १९४४.' जपानी अक्षरं मला छान जमली होती. सरांनी तसं सांगितलंही.

उद्घाटन रविवारी सकाळी अकराला होतं. दिवाणखान्यात दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या. सुभेदार काळ्या कोटावर चारही पदकं लावून आले होते. शालन तिसऱ्या रांगेत बसली होती, हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात डोरलं. समई झाली, हारतुरे झाले. कुसाकाबेसाहेब दहा मिनिटं बोलले आणि मी त्याचं मराठी केलं. मग सरांनी सुभेदारांना पुढे बोलावलं.

ठरलं असं होतं की त्यांनी माईकसमोर उभं राहून 'नमस्कार, आनंद झाला' एवढं म्हणायचं. पण सुभेदार माईककडे गेलेच नाहीत. निशाण दोन्ही हातांवर आडवं घेऊन ते थेट कुसाकाबेसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले, सावधान. मी त्यांच्या शेजारी. पलीकडे सर.

ते हळू आवाजात बोलू लागले. माईकवर काही जात नव्हतं.

"साहेब, ह्येचं नाव सुनेव. ह्येला म्या मारला." भाषांतरासाठी ते थांबले. मी बोलले नाही, तेव्हा त्यांना वाटलं असावं की मला सगळं एकदम ऐकायचंय. ते पुढे बोलले. "लढताना मारला असता तर आज हितं आलो नसतो. त्यो झोपला हुता. झोपेत मारला. त्येच्या आईबापाला, बहिनीला सांगा. ज्यानं मारला त्यो जिता हाय, त्येचं नाव रंगराव फडतरे, गाव कोरेगावाशेजारी. त्येंना काय इचारायचं असंल तर म्या सांगीन. काय बोलायचं असंल तर ऐकून घीन."

सरांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी 'नको' म्हणाले. आता इतक्या वर्षांनी मला सगळा दोष त्या डोळ्यांवर टाकता आला असता तर बरं झालं असतं. पण सरांनी बघायच्या आधीच माझ्या मनात जपानी वाक्य तयार झालं होतं, आणि ते वेगळंच होतं.

मी कुसाकाबेसाहेबांना म्हटलं, "सुभेदार म्हणतात, युद्धाच्या काळात हे निशाण त्यांच्याकडे आलं. एवढी वर्षं त्यांनी ते जपलं. आता ते आपल्या घरी जातंय याचं त्यांना समाधान आहे."

कुसाकाबेसाहेबांनी दोन्ही हातांनी निशाण घेतलं, कमरेत खोल वाकले आणि हसले. मनापासून हसले ते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले.

सुभेदार त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

पायऱ्या उतरताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "सांगितलंस?"

"हो, आजोबा."

"समदं?"

"सगळं."

"मग त्यो हसला का?"

मला चटकन उत्तर सुचलं. ते इतकं चटकन सुचलं याची मला आजही लाज वाटते. "त्यांची पद्धत असते, आजोबा. मनात किती का दुःख असेना, चारचौघांत ते हसूनच दाखवतात."

त्यांनी मान डोलावली. "आसंल. मुलूख निराळा." मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. शालनच्या अक्षरात त्यांचा पत्ता लिहिलेला होता. "त्येंना दे. पत्र धाडायचं तर ह्या पत्त्यावर."

तो कागद मी कुसाकाबेसाहेबांना दिला नाही.

एप्रिलमध्ये मी क्योटोला गेले. तिथं मला तीन पोस्टकार्डं आली, आईनं पाकिटात घालून पाठवलेली. तिन्ही शालनच्या अक्षरात, सुभेदारांनी सांगून लिहिलेली. पहिल्यात होतं, त्या घरचं काही कळलं का. मी उत्तर दिलं की चौकशी चालू आहे. दुसऱ्यात होतं, त्यांना राग आला असेल तर तसं कळवायला हरकत नाही, शिव्या लिहिल्या तरी चालतील. तिसऱ्यात एवढंच होतं की तब्येत बरी नसते, पण वाट बघतो आहे. त्या दोहोंना मी उत्तर दिलं नाही. दिवसभर शेकडो वर्षांपूर्वीची रेशमी चित्रं मी चिमट्याने धागा धागा सरळ करायचे, आणि ती कार्डं टेबलाच्या खणात होती.

पुढच्या मार्चमध्ये, परत यायला थोडे दिवस उरले असताना, मी टोकियोला गेले. मैत्री मंडळाचं दालन बघायला आमच्या तुकडीला नेलं होतं. निशाण तिथं काचेच्या कपाटात होतं. खालची बाजू आत दुमडून लावलं होतं, त्यामुळे डाग आणि फाट दिसत नव्हती. शेजारी पाटी होती. माझीच वाक्यं, नीट छापलेली. दोन शाळकरी मुलींना त्यांच्या बाई ती वाचून दाखवत होत्या. युद्धातसुद्धा माणसं एकमेकांना भेटी देत असत, असं त्या म्हणत होत्या.

मी बाहेर येऊन बाकावर बसले. मग आत जाऊन वहीत गावाच्या देवळाचं नाव उतरवून घेतलं. ते निशाणावरच्या शिक्क्यात होतं. गाव निइगाताकडचं होतं.

गावच्या कचेरीत पत्र पाठवलं. आठ दिवसांत फोन आला. हायाकावा घराण्यात आता कुणी नाही, पण मुलगी आहे. लग्न होऊन शेजारच्या गावात राहते. शिवणकाम शिकवते. नाव मित्सु.

मी त्यांना भेटायला गेले. बाहेर गुडघाभर बर्फ होतं. मित्सुबाई एकोणसाठ वर्षांच्या होत्या, लहान चणीच्या, हात सतत कशात तरी गुंतलेले. निशाण कुठं आहे ते मी सांगितलं. कुणाच्या घरून आलं तेही सांगितलं.

त्यांनी विचारलं, "त्या माणसाला माहीत आहे का, दादा कसा गेला?"

"माहीत आहे," मी म्हटलं. "त्यांना स्वतः सांगायचंय. माझ्या तोंडून नको. मी एकदा चुकलेय."

"दादाच्या अस्थी म्हणून आम्हाला एक पेटी आली होती," त्या म्हणाल्या. "पांढऱ्या कापडात बांधलेली. आईनं ती हलवून बघितली, तर आत खडखड वाजलं. उघडली तर दगड होता. एवढा." त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. "मी तुमच्या देशात येईन."

क्योटोहून मी लगेच सुभेदारांना लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर मी पुण्याला परतल्यावर आलं, मे महिन्यात. शालनचं पत्र, यावेळी तिचं स्वतःचं. मामंजी माघात गेले, असं त्यात होतं. मी टोकियोला जाण्याच्या महिनाभर आधी.

मित्सुबाईंना मी कळवलं. त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण त्या आल्या, पुढच्या फेब्रुवारीत. आधी मैत्री मंडळाशी चार-पाच महिने पत्रव्यवहार करून त्यांनी निशाण परत मिळवलं होतं आणि घरच्या देवघरात ठेवलं होतं. येताना शालनसाठी त्यांनी स्वतः शिवलेली एक पिशवी आणली होती.

गाव लहान होतं. घरापुढे शेवग्याचं झाड, ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. शालनवहिनींनी आम्हाला पाय धुवायला पाणी दिलं आणि आत घोंगडीवर बसवलं. भिंतीवर दोन फोटो होते. एक सुभेदारांचा, हार घातलेला. दुसरा गणवेशातल्या तरुणाचा. त्याला हार नव्हता.

वहिनींच्या कपाळावर तसंच कुंकू होतं. गळ्यात डोरलं.

मित्सुबाईंनी त्या दुसऱ्या फोटोकडे बघून मला विचारलं, हे कोण. मी वहिनींना विचारलं.

"ह्येच," वहिनी म्हणाल्या. "मालक. एकाहत्तरच्या लढाईला छांबकडं गेले. लगीन हून सहा म्हैनं झालं हुतं. बेपत्ता म्हनून कागद आला. मेले म्हनून न्हाई आला. मग कुकू कशापायी पुसायचं?"

मी हे जपानीत सांगितलं. मित्सुबाई फोटोकडेच बघत राहिल्या.

वहिनी बोलत होत्या, मी मागोमाग सांगत होते. "मामंजी दिल्लीला कागद धाडायचे. ह्या हापिसात, त्या हापिसात. वीस वर्सं. मला म्हनायचे, शालन, पलीकडं एक तरी मानूस आसंल की ज्याला ठावं हाय माझ्या पोराचं काय झालं. आपल्या घरात बसून भाकरी खात आसंल. त्येनं निस्तं तोंड उघडलं तर आपुन मोकळं हू. मारला तर मारला म्हन की बाबा, पन सांग. आन् मग एक दिस त्येंनी पेपरात तुमचं वाचलं, तवा ट्रंक उघडली. कापड काढून बसले. दिवसभर बसले. म्हनले, म्या बी तसाच की. म्या बी भाकरी खात बसलोय तोंड मिटून."

वहिनी थांबल्या, मित्सुबाई वाट बघत होत्या. मी सगळं जपानीत पुरं केलं. मग वहिनींकडे वळून म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी मी सांगितलं नव्हतं. आजोबा जे बोलले ते मी साहेबांना सांगितलंच नाही."

"ठावं हाय," वहिनी म्हणाल्या.

"कसं?"

"मामंजींनी वळखलं. परत येताना एसटीतच म्हनले, पोरगी भ्याली."

"मग त्यांनी मला पत्रं का लिहिली?"

"भ्यालेलं मानूस कवातरी सावध हुतं, म्हनायचे. वाट बघू." त्यांनी पदरानं घोंगडीवरचा कचरा झटकला. "तुमास्नी काय बोलू नगं म्हनून सांगितलंय त्येंनी. म्हनून बोलत न्हाई."

त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मित्सुबाईंनी माझ्या बाहीला हात लावला. आमचं दोघींचं काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. मी त्यांना तेही सांगितलं, मी काय केलं होतं ते. त्यांनी ऐकून घेतलं. "आता दादाचं सांगा," एवढंच म्हणाल्या.

वहिनींना सगळं ठाऊक होतं. शेवटच्या दुखण्यात सुभेदारांनी त्यांना दोनदा सांगितलं होतं, नीट लक्षात राहावं म्हणून. त्या खाली बघून सांगत होत्या, पाठ केल्यासारखं.

"पाऊस लई हुता. जपानी लोक माघारी चालले हुते, उपाशी. मामंजी आन् दोघंजन वाट बघायला म्होरं गेले हुते. एका कपारीखाली ह्यो एकटाच घावला. बंदूक बाजूला पडली हुती. बूट काढले हुते, पाय सुजले हुते. झोपला हुता. धरून आनता आला असता, पळनार कुठं तसल्या पायांनी? पन आदल्या दिशी मामंजींच्या गावचा एकजन गेला हुता. त्येंच्या डोक्यात त्येच हुतं. संगीन हुती हातात."

मी प्रत्येक वाक्य जसंच्या तसं सांगितलं. 'झोपला होता' याला जपानीत हळुवार शब्दही आहे. मी साधा शब्द वापरला.

"झोपेत?" मित्सुबाईंनी विचारलं.

"झोपेत."

"नक्की? चूक नाही ना?"

मी वहिनींना विचारलं. "न्हाई," त्या म्हणाल्या. "एकदा डोळं उघडलं म्हनं त्येनं. मामंजींकडं बघितलं. मग संपलं. तिथंच कपारीत पुरला. वर धोंडं लावलं. कापड पोटाला हुतं ते काढून घेतलं. का घेतलं ते त्येंना बी सांगता यायचं न्हाई."

मी तेही सांगितलं. डोळे उघडल्याचं ऐकून मित्सुबाईंच्या हातातला रुमाल खाली पडला. त्या रडल्या नाहीत. बाहेर कुणीतरी शेळी हाकत गेलं, तिची घंटा बराच वेळ ऐकू येत राहिली.

मग त्यांनी विचारलं, "फार बारीक झाला होता का?"

"हाडं निस्ती," वहिनी म्हणाल्या. "मामंजी म्हनायचे, उचलताना वजनच न्हवतं."

मित्सुबाई उठल्या आणि सुभेदारांच्या फोटोपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे उभी होते. त्या वाकतील, निदान हात जोडतील, असं मला वाटलं. त्यांनी तसं काही केलं नाही. चेहरा नीट बघून घेतला, पदकं बघितली. वहिनींनीही नमस्कार करा असं सुचवलं नाही.

परत येऊन बसल्यावर मित्सुबाई माझ्याशी हळू बोलल्या. "मला वाटलं होतं, एकदा कळलं की हलकं वाटेल. अठ्ठेचाळीस वर्षं तेच वाटत होतं. तसं काही वाटत नाही. हे यांना सांगू नका."

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय म्हनल्या?"

मित्सुबाईंनी मान खाली घातली होती. सांगू नका असं त्यांनी मला स्पष्ट म्हटलं होतं. मी त्यांच्याकडे बघून विचारलं, "मी सांगू? त्या वीस वर्षं वाट बघतायत." मग त्यांनी होकार दिला.

मी वहिनींना सांगितलं. एकही शब्द बदलला नाही.

शालनवहिनी ऐकत होत्या. त्यांचा हात गळ्याशी गेला होता. मग त्या मित्सुबाईंकडे बघून म्हणाल्या, "न्हाई वाटत? आसं?" आणि माझ्याकडे वळल्या. "त्येंना म्हनावं, तरी मला कळलेलं चाललं आसतं."

मी ते जपानीत सांगितलं. मित्सुबाईंनी तेव्हा पहिल्यांदा वहिनींकडे सरळ बघितलं. दोघी तशाच बसून राहिल्या. माझं काही काम उरलं नव्हतं.

थोड्या वेळानं वहिनी उठल्या. "भाकरी टाकते. जेवून जावा म्हनावं."

मी सांगितलं. मित्सुबाई सुभेदारांच्या घरात जेवतील की नाही, मला अंदाज नव्हता. दाराबाहेर मिरच्यांवर ऊन पडलं होतं, तिकडे त्या बघत राहिल्या. मग उठून, वाकून आत स्वयंपाकघरात गेल्या आणि चुलीपाशी वहिनींच्या शेजारी बसल्या.